धाव नसलेली पायरी

मी असोद्याचा, बापजाद्यापासून सुतार. बाप बैलगाड्या करे, बाभळीच्या. चाकाची बाभूळ जरा वलली असली तरी बाप म्हणे चालतंय, वरून लोखंडाची धाव, म्हणजे चाकाची गोल पट्टी, चढली का ती लाकडाले फाटू देत नही. तेच माह्या डोक्यात बसलं, अन् तिथंच माती खाल्ली मी, काय सांगू तुम्हाले.

आमच्या गावच्या एका मास्तरांनी जळगावात घर बांधलं. जिना हवेतला, म्हणजे भिंतीतून लोखंडी दांडे काढायचे अन् त्याच्यावर नुसत्या जाड फळ्या, खाली आधार काहीच नही. मास्तर म्हणे नाशिकहून सागाच्या तयार पायऱ्या आणतो. मले रागच आला. म्हटलं, काऊन, आम्ही मेलो का? माह्या बांधावरची बाभूळ आहे, दगडासारखी. मास्तरांची आई, अक्का, धुळ्याकडच्या, अजून अहिराणीच बोलतात, त्यांनी फळीवर हात फिरवला अन् इचारलं, भाऊ, लाकूड वाळेल शे ना? म्हटलं, दोन उन्हाळे खाल्ले हिनं, अक्का. खोटं बोललो. दिवाळीनंतर तोडलेली व्हती. वास्तुशांती तोंडावर, काम हातचं जाईल, म्हणून बोललो, दुसरं काही नही.

वैशाखात अक्का गच्चीवर कुरडया घालायले चालल्या व्हत्या. पायरीले कुठली आली धाव? चौथी दांड्यापाशी चिरली, अक्का खाली, मनगट मोडलं. अन् ती बाई सगळ्यांले सांगे, सुतारना दोष नही, मनंच वजन जास्त शे. दोष सोतावर घे. लाज वाटे हो, मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं.

मागच्या महिन्यात जुन्या वाड्याचा वाळलेला साग घेऊन गेलो, बठ्ठ्या पायऱ्या बदलल्या, एकही सोडली नही. अक्का खुर्चीत बसलेल्या, मनगट अजून वाकडं. काम चालू व्हतं, मी रंधा खाली ठेवला. म्हटलं, अक्का, ती बाभूळ वलली व्हती, मले माहीत व्हतं. त्या म्हणे, फळी माले गारच लागनी व्हती, भाऊ. पन तुना शबदवर चढनू.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ह्या बारीले लाकूड वाळलंय का, ते अक्कांनी इचारलंच नही. चढल्या, पण चांगल्या हातानं भिंत धरून, एकेक पायरी थांबत. वर जाऊन म्हणे, सुखी राह्य, भाऊ. मी मान खाली घालून भुसा झाडत बसलो, झाडायले काही उरलं नव्हतं तरी.