पाटावरचा शाफ्ट

ऐश्वर्या : आई, इथे पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. शाफ्टच्या या टोकाला. कुठे गेला?

रखमाबाई : कसला ठिपका? मी ठिपकाबिपका काही बघितला नाही. मळ होता, तो काढला.

ऐश्वर्या : काढला म्हणजे?

रखमाबाई : म्हणजे डिझेलचा बोळा फिरवला, मग तारेच्या घासणीने घासला. हाताचा वास अजून जात नाही. पण चकाकतोय की नाही? काल पाटावर ठेवला तेव्हा समोरची योगिनी म्हणाली, काकू, ही कसली तोफ आणलीत घरात! तिनेच एक टोक धरलं, मला एकटीला उचलतोय कुठे.

ऐश्वर्या : अहो आई, ती खूण होती! काढायच्या आधी मीच केलेली. एक ठिपका खाली गाडीला, एक या शाफ्टला. बसवताना दोन्ही समोरासमोर आणायचे.

रखमाबाई : मग गाडीवरचा असेल ना शिल्लक. तिथवर मी गेलेली नाही. गुडघे वाकतात कुठे माझे.

ऐश्वर्या : एकट्या ठिपक्याचं काय करू? नवरा उभा आहे आणि नवरी कुठली तेच माहीत नाही, अंतरपाट कुणासमोर धरू?

रखमाबाई : ओरडू नकोस गो. सणासुदीचा दिवस आहे. नीट सांग, मला कळेल असं.

ऐश्वर्या : बघा. आपल्या गाडीचं इंजिन पुढे आहे आणि ताकद जाते मागच्या चाकांना. मधे हा शाफ्ट गरागरा फिरतो. याला चार भोकं, म्हणजे चार प्रकारे बसतो. पण गाडीला तो एकाच प्रकारे मानवतो. बाकी तीन प्रकारांत वेग वाढला की थरथरतो.

रखमाबाई : थोडा थरथरला तर काय बिघडलं? एसटी काय कमी थरथरते?

ऐश्वर्या : एसटीला रेसमध्ये उतरायचं नसतं, आई. मार्चमध्ये काय झालं विसरलात? याला धरून ठेवणारे रबरी बुश फाटले, शाफ्ट खालून धाडधाड आपटायला लागला, अर्ध्या ट्रॅकवरून गाडी ढकलत आणली. सगळ्यांसमोर. मागून एक जण बोलला, मॅडम, स्कूटीच बरी. म्हणून तर हे नवे कडक बुश मागवले. आणि परवाच्या रेसमध्ये शेवटपर्यंत पोचले नाही तर गाडी विकून टाकेन, असं मी बोलून बसलेय.

रखमाबाई : माहीत आहे. माझ्याच हातची आमटी भुरकताना बोललीस.

ऐश्वर्या : त्यावर तुम्ही काय बोललात? बरं होईल, अंगण मोकळं होईल.

रखमाबाई : बोलले. खोटं कशाला सांगू?

ऐश्वर्या : आणि मागच्या आठवड्यात आंबिवलीचा तो सीताराम गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला आलेला, त्याला चहा दिलात. बिस्किटं पण. आई, एक विचारू? राग मानू नका. खूण मुद्दाम पुसलीत का?

रखमाबाई : काय म्हणालीस?

ऐश्वर्या : काही नाही. जाऊ दे.

रखमाबाई : जाऊ दे कसं? मुद्दाम करायचं असतं तर दांडा भंगारवाल्याला दिला असता. खांदा भरून येईपर्यंत घासत कशाला बसले असते? आणि चहाचं म्हणशील, तर दारात आलेल्याला मी चहा देते. मीटर बघायला येतो त्यालाही देते. म्हणून मीटर काढून दिला त्याला?

ऐश्वर्या : सॉरी आई. खरंच सॉरी. सकाळपासून डोकं फिरलंय माझं.

रखमाबाई : थांब, आता माझं ऐकून घे. तुझे सासरे खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. खंडेनवमीला त्यांचे पाने-पकडी या पाटावर असायचे. त्यांच्यामागे माझ्या लेकाचा, विनीतचा लॅपटॉप आला. मी मुकाट्याने त्यालाही फूल वाहिलं. या वर्षी मनात आलं, या घरात आता हत्यार खरं कोण चालवतंय? तू. कामावरून येतेस, साडी असो की ड्रेस, बदलतेस आणि शिरतेस गाडीखाली. म्हणून तुझा दांडा ठेवला. आणि देवापुढे आमच्यात मळकं काही ठेवत नाहीत.

ऐश्वर्या : आणि लॅपटॉप?

रखमाबाई : नाही ठेवला. विनीतने विचारलं, माझा कुठे? म्हटलं, तुझा चार्जिंगला लाव.

ऐश्वर्या : मला कुणीच सांगितलं नाही हे.

रखमाबाई : तू काल घरी आलीस तेव्हा फुलं काढून झालेली. कुंकू तरी होतं त्यावर. ते दिसलं नाही तुला, ठिपका नाही तो बरोबर दिसला.

ऐश्वर्या : मला वाटायचं, तुम्हाला ही गाडी नकोच आहे.

रखमाबाई : नकोच आहे. तू वेगात जातेस म्हटलं की पोटात गोळा येतो माझ्या. पण गाडी नको म्हणजे तू हरावीस, असं कुठे झालं?

ऐश्वर्या : आई, रडवू नका. हात ग्रीसने भरलेत, डोळे पण पुसता येणार नाहीत.

रखमाबाई : ये इकडे, पदराने पुसते. हं. आता सांग, उपाय काय? असणारच काहीतरी.

ऐश्वर्या : आहे, पण कुटाणा आहे. एका प्रकारे बसवायचा, रस्त्यावर न्यायची, थरथर बघायची. थरथरली की परत यायचं, चार बोल्ट सोडायचे, शाफ्ट एक भोक पुढे फिरवायचा, परत आवळायचे. असं जमेपर्यंत. पण मी चालवणार, माझं लक्ष रस्त्यावर. बाजूला बसून सांगायला कुणीतरी पाहिजे. विनीत आजच ऑफिसला गेलाय.

रखमाबाई : मी बसते.

ऐश्वर्या : तुम्ही? तुम्ही या गाडीचं दार पण कधी उघडलं नाहीत!

रखमाबाई : एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून राजापूरला जाणारी बाई मी. हादरा म्हणजे काय ते मला सांगतेस? तू बोल्ट आवळ, मी पाणी भरून तांब्या आणते. थरथरलं तर पाणी सांगेल. आणि नथ घालून येते. दसऱ्याचा दिवस आहे, बोडक्या नाकाने कशी फिरू?

(दुपार. आंबिवलीच्या पुढचा नवा काँक्रीटचा रस्ता. गाडी चालू आहे. रखमाबाईंच्या मांडीवर तांब्या.)

ऐश्वर्या : आता हा तिसरा प्रकार. घट्ट बसलात ना?

रखमाबाई : अजून किती घट्ट बसू? या पट्ट्याने बांधूनच घातलंय मला. पहिल्या खेपेला पाणी नाचलं, दुसऱ्या खेपेला माझी साडी भिजली. मला एक सांग, रबर मऊ होतं तेव्हा हे एवढं जाणवत नव्हतं. मग कडक कशाला घातलंस?

ऐश्वर्या : मऊ होतं म्हणून सगळं पोटात घालायचं. पत्ताच लागू द्यायचं नाही. आणि ऐन वेळी फाटलं. हे कडक आहे. जे असेल ते तोंडावर सांगतं, पण पकड सोडत नाही.

रखमाबाई : म्हणजे माझ्यासारखं.

ऐश्वर्या : मी काही बोलले नाही हं.

रखमाबाई : हसलीस ते दिसलं मला. पुढे बघ.

ऐश्वर्या : मागच्या दोन्ही वेळा याच वेगाला थरथर सुरू झालेली. पाणी बघा. काय करतंय?

रखमाबाई : थांब.

ऐश्वर्या : आई?

रखमाबाई : थांब म्हटलं ना! आधी जरा हललं, पण तो रस्त्याचा सांधा होता. आता नाही.

ऐश्वर्या : मी अजून थोडा वेग वाढवते. घाबरू नका.

रखमाबाई : काटा कुठे गेला ते मला सांगू नकोस, बस.

ऐश्वर्या : पायाखाली काही लागतंय? सीटला?

रखमाबाई : काही नाही. ऐशू, माझी नथ दिसत्येय.

ऐश्वर्या : कुठे?

रखमाबाई : पाण्यात. एकेक मोती दिसतोय गो.

ऐश्वर्या : म्हणजे बसला! आई, बसला! बरोबर बसला!

रखमाबाई : हात सोडू नकोस, बये! आनंद थांबल्यावर कर.

ऐश्वर्या : थांबते. थांबतेच. हे बघा, घेतली बाजूला. द्या तो तांब्या इकडे.

रखमाबाई : पाणी पी. त्यासाठीच उरलंय तेवढं. आणि घरी गेल्या गेल्या आधी खूण कर. नाहीतर पुढच्या वर्षी पाटावर ठेवताना परत घासून टाकेन.

ऐश्वर्या : पुढच्या वर्षी?

रखमाबाई : मग? नवमी काय एकदाच येते?

ऐश्वर्या : या वेळी रंग नाही लावणार. लोखंडावरच बारीकसा टोचा मारते. कितीही घासा.

रखमाबाई : मार. मी हातोडी देते. आता चल, श्रीखंड बाहेर राहिलंय. आणि जाताना सावकाश नको, येताना आलीस तशीच चल.

ऐश्वर्या : आई! आणि पोटातला गोळा?

रखमाबाई : आहे तिथेच आहे. तो कुठे जातोय. ऐशू...

ऐश्वर्या : हं?

रखमाबाई : परवा तिकडे शर्यत बघायला येणाऱ्यांना बसायला सावली असते का गो?