प्रार्थनेचा विषय

पाळकसाहेब, मंडळीतल्या भावाबहिणींनो, आणि मोशीहून आलेले ताईचे भाऊ, भास्करभाऊ. मी विमल. दापोडीत शालिनीताईची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. शालिनीताईच्या शोकसभेत विमलला बोलायला उभं करू नका, ती तोंडाची फटकळ आहे, असं कुणी कुणी सुचवलं होतं म्हणे. आलं माझ्या कानावर. पण आता उभी राहिलेच आहे. ऐकून घ्या.

मंगळवारी सकाळी रूथ माझ्या दारात आली. म्हणाली, "मावशी, आई उठत नाही. चहा गार झाला." मी धावले. ताई गेलेली होती. झोपेतच गेली. चेहऱ्यावर काही नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही.

पाहुण्यांसाठी सांगते. रूथ ही ताईची एकुलती एक लेक. वय तिशीच्या पुढं, समज लहान पोरीएवढी. ताईचा नवरा लवकर गेला. ताई चाकणला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. आणि या बाईला सगळ्या जगानं एकच प्रश्न विचारला, "शालिनी, तुझ्यामागं हिचं काय?" बारशात विचारला, लग्नात विचारला, दवाखान्यात सलाईन लावलेलं असताना विचारला. ताई म्हणायची, "देव बघेल." की लोक एकमेकांकडे बघायचे. केवढी बेफिकीर बाई!

खरं सांगू? मलाही राग यायचा. कॅन्टीनचा ठेकेदार बदलला, तिचं काम गेलं, तेव्हा मी तोंड पाडून तिच्याकडे गेले. ही पोहे करत होती. म्हणाली, "विमल, उद्याचं उद्या. आत्ता भूक लागलीय का सांग." मी भडकलेच. म्हटलं, "अगं बाई, देव काय स्वतः येऊन ताट वाढणार आहे का?" तर म्हणाली, "वाढेल की. कुणाच्या तरी हातानं वाढेल." आणि माझ्यापुढं बशी सरकवली. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कॅन्टीनला लागली. मी मात्र तोवर झोप घालवून बसले होते, आणि तीही दुसऱ्याच्या नोकरीपायी!

आता आपल्या शुक्रवारच्या घरसभेचं बोलते. आज या घरी, पुढच्या आठवड्यात त्या घरी. गीत होतं, वचन होतं, मग प्रार्थनेचे विषय घेतात. कुणाची बदली, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा. आणि दर सभेला कुणीतरी उसासा टाकून म्हणणार, "रूथच्या भविष्यासाठी." ताईनं हा विषय कधी दिला नाही. ताई फक्त देवाचे आभार मानायची. विषय तुम्ही द्यायचा. डोळे मिटायचे, आवाज कापरा करायचा, आमेन म्हणायचं, आणि चकल्यांच्या ताटाकडे वळायचं. झालं काम. देवाच्या गळ्यात घातलं, आपण मोकळे!

एकदा रूथनंच विचारलं, आठवतं का? "मी तर इथंच बसलेय. माझ्यासाठी काय मागता?" सगळे हसले. अहो, देवाकडे मागायच्या आधी तिला तरी विचारायचं, बाई, तुला काय हवंय!

इतक्या वर्षांत रूथला एक दुपार आपल्या घरी कुणी नेलं? हात वर करा. बघा. एकही हात नाही.

काळजी करणं ही फार सोयीची गोष्ट आहे, मंडळी. बसल्या जागी करता येते, आणि वर आपण किती मायाळू आहोत असंही वाटतं. ज्या बाईनं काळजी केली नाही, ती पहाटे उठून पोरीला न्हाऊ घालत होती, वेणी घालत होती, कोथिंबीर निवडायला शिकवत होती. आणि काळजी करणारे आपण काय करत होतो? चकल्या खात होतो.

ताई तिला प्रत्येक घरसभेला का आणायची, माहितीय? तुम्हाला वाटायचं, घरी ठेवायला कुणी नाही म्हणून. काहींना अवघडही व्हायचं. मी विचारलं होतं. ताई म्हणाली, "सगळ्यांना तिची सवय होऊ दे. कुकरची शिट्टी वाजली की ती घाबरते, हे सगळ्या घरांना कळू दे. देव मला नेईल तेव्हा हीच माणसं तिचं बघतील." ऐकलंत? हीच माणसं! तिचा देवावर विश्वास होता, ते मला आता कळतं. पण तिचा तुमच्यावरही विश्वास होता, हे मात्र माझ्या अजून पचनी पडत नाही.

कारण ताईला माती देऊन परत आल्यावर काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. रूथनं सगळ्यांना चहा दिला. कुणाला बिनसाखरेचा लागतो, तेसुद्धा तिच्या लक्षात होतं. आणि तिच्याच हातचा चहा पीत, तिच्यासमोर, भास्करभाऊ तुम्ही म्हणालात, "देवानं सोय केली. नगरकडे हिच्यासारख्यांना ठेवून घेणारी एक संस्था आहे. सोमवारी गाडी येतेय." देवानं? देवाचं नाव कशाला घेता? फोन तुम्ही लावलात. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी "स्तुती असो" म्हणालं. मला शिसारी आली.

तेव्हापासून रूथ विचारतेय, "मावशी, मी काय केलं?" मी काय सांगू तिला?

तर ऐका. ती गाडी परत पाठवा, भाऊ. मामा आहात, वाईट माणूस नाही तुम्ही, पण घाई फार केलीत. रूथला तिच्या घरात राहायचंय. मी विचारलंय तिला. रात्री ती माझ्याजवळ झोपेल. दिवसा मी कामावर असते, तेव्हा कुणीतरी लागेल. घरसभेची पाळी लावता ना? तशीच ही लावा. आणि येत्या शुक्रवारपासून रूथ हा प्रार्थनेचा विषय बंद. देवानं तो कधीच ऐकलाय. उत्तर म्हणून त्यानं ही एवढी माणसं दिली होती. आता त्यानं अजून काय करायचं?

ताई, तुझ्याएवढा माझा विश्वास नाही गं. पण तुझी लेक माझी.

आता सगळ्यांनी उभं राहून स्तब्धता पाळायचीय. पाळूया. पण आधी समोर बघा. मागं माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, आणि पहिल्या रांगेत रूथच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. एका बाजूला मी जाऊन उभी राहते. दुसऱ्या बाजूला कोण येतंय, ते रूथला बघू दे.

शालिनीताई, सलाम.

उठा.