वामनच्या चित्रावरचं कुंकू

हात नका लावू, मास्तर! — रागावली नाई मी, पन त्या कुंकवाले कोनाचं बोट लागलेलं मले चालत नाई — बसा ना, पाट घ्या. नांदुऱ्याहून छकड्यात आले, हाडं खिळखिळी झाली असतीन तुमची. हाव, कुंकूच हाये ते. देवघरातल्या करंड्यातलं. तुमच्या रंगाच्या डबीतलं नाई, म्हनून तुमी असे डोये फाडून पाहून राह्यले. कोनं लावलं? आता घरात मी अन् वामनचे बाप. वामनच्या बापानं जन्मात करंडा हाती धरला नाई. मंग कोन उरलं? मीच लावलं. या बोटानं. तुमच्या मुंबईच्या चित्रशाळेत पह्यला नंबर आलेलं चित्र — हाव बाप्पा, तेच.

मठ्ठा घ्या. लाजता काऊन? वामन सांगे, आमचे मास्तर लय कडक. मले तर तुमी पोट्टेच दिसून राह्यले, मिशीबी धड फुटली नाई... कोन खोकलं म्हनता? मांजर असंन आतल्या खोलीत. तर मी काय सांगत होती — हा माहा वामन शेती टाकून रंग कालवाले निघाला, तवा बाप म्हने, काई झाल्याबिगर तोंड दाखवू नको. बाप म्हनतेच, नाई का? मनावर कोन घेते? पन यानं घेतलं. खान तशी माती! ना तो येई, ना हे बलावत. अन् मंग पदकाची बातमी आली. मायबाई, काय सांगू तुमाले! ज्या मानसानं पोट्ट्याचं नाव टाकलं होतं, त्यानं गावभर साखर वाटली. माहा वामन म्हने, माहा! मी म्हटलं, आजवर कोनाचा होता? तर मलेच डोये वटारले.

मांगून वामनच्या पारसलची बिल्टी आली, रेल्वेची पावती. हे म्हने, सामान पुढं धाडलं, म्हंजे पोट्टा त्याच गाडीनं येते. मी म्हटलं, तसं कुठी लिहेल हाये? तर म्हने, तुले रेल्वेतलं काय समजते! धुवेल धोतर नेसले, लग्नातला कोट चढवला, बैलायले घुंगरं बांधली अन् गेले ठेसनात. गाडी आली, गेली. सगये उतरले, वामन नाई उतरला. पेटी उतरली. घरी आले, पेटी वसरीत ठेवली अन् बैल सोडत बसले, घुंगरं काढता काढता किती वेय लावला त्यायनं.

पेटी उघडली तर आत मी! जात्यावर बसेल, पदर खांद्यावर, दिव्याचा उजेड कपायावर — अन् कपाय मोकयं. शेजारची कौशल्याबाई पाहाले आली अन् म्हने, अवं अन्नपूर्णे, कुंकू कुठी हाये वं तुह्यं? आता तुमी सांगान, पहाटं आंघोयीच्या आधी बाई दयन दयते, रातचं कुंकू पुसून जाते, पोट्ट्यानं पाह्यलं तसं काढलं. मले काय समजत नाई? त्यानं बरोबर काढलं. माहीच नजर त्याच्यात उतरली म्हना. हसले! हसा, हसा. तवा मीबी हसली होती. पन त्याच हप्त्यात वामनच्या बापाले ताप भरला. दिवसभर इथं कामधाम करू, अन् समोर भितीवर मीच, मोकया कपायाची. किती दिवस पाहावं मानसानं? उठली अन् लावलं. मले बरं वाटलं, बस्.

काय म्हनता? ओल्या फडक्यानं हलकंच पुसून घेतो? कोनाच्या घरात बसून कोनाचं कुंकू पुसाची गोष्ट करून राह्यले, मास्तर? — अरे बाप्पा, ठसका लागला तुमाले. पानी घ्या. मस्करी केली... नाई, मस्करी नाई केली.

मले समजते ना. नागपुरात मध्यप्रांत-वऱ्हाडाचं मोठं प्रदर्शन हाये, तिथं चित्र लागलं तर वामनचं पुढचं शिक्षन सरकार करन, नाई लागलं तर दुसऱ्याचं लागन, म्हनून तुमी चित्र न्याले आले. पोट्ट्याचं नशीब माह्या कपायावर येऊन बसलं. एकीकडं लेक, अन् एकीकडं — तो खोकला आयकला ना? मांजर एवढं खोकलत नाई, हे तुमालेबी समजते. छातीत पानी झालं म्हने डाक्टर. वामनले कयवू नको, त्याचं शिक्षन चालू हाये, म्हनून मले शपथ घातली यायनं, सोताच्या गळ्याची. म्या शपथ मोडली नाई. वामनले म्या काई सांगतलं नाई. तुमी काई वामन नाई.

तर तुमच्या चित्रशाळेच्या सायबाले अन् वामनले जाऊन सांगा, लय अडमुठी बाई हाये. चित्र देत नाई. कुंकू पुसत नाई, पुसू देत नाई. चित्रातल्या कपायावर पक्क्या रंगाचं कुंकू पाह्यजे, अन् ते ज्यानं चित्र काढलं त्यानंच इथं येऊन भराचं, तिच्या डोयासमोर — तवाच चित्र नागपूरले जाईन. मंग पोट्टा येते का नाई पाहू. माय अडून बसली म्हना. बापाचं काई बोलू नका, अन् तार तर करूच नका, तारेनं पोट्टं धसकते. सोता जाऊन सांगा.

मुक्काम करतो म्हनता? सकायी आरामात निघतो? ना. पाहुन्याले रातचं जेवू न घालता धाडाची आमच्यात रीत नाई, लोकं तोंडात शेन घालतीन माह्या. पन तुमी आज राह्यले तर वामन एक दिवस उशिरा येईन. उठा, मास्तर. छकडा जुपेलच हाये. उठा.