विहिरीची पाळी

मोताळ्याच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर एक मुलगी वडिलांना आपलं पुण्यातलं काम सांगत होती.

“आबा, एका सर्व्हरमध्ये, म्हंजे मोठ्या कॉम्प्युटरमध्ये, आठ-दहा मशिनी चालतात, पण सॉफ्टवेअरच्या. त्यायचा डेटा बाहेर डिस्कच्या कपाटात, अन् त्या कपाटाले जोडणारं सर्व्हरमधलं कार्ड साऱ्यायचं एकच.”

“मंग कोण आलं, हे कपाटाले कसं कळते?”

“आधी कार्डाचंच नाव लागे. आता हरेक मशिनले तिचं सोताचं नाव देतो. मशिन दुसऱ्या सर्व्हरवर नेली तरी नाव तिच्यासंग जाते, अन् कपाट तिले ओळखते.”

“अन् नाव नाही देल्लं तं?”

“तं जागा बदलली का तिचाच डेटा तिले भेटत नाही. आपल्या सोजराकाकूसारखं.”

“तिचं काय आता मधातच?”

“आपल्या विहिरीवर मोटर एकच, पाण्याच्या पाळ्या चौघाच्या. काकूची पाळी काकाच्या नावानं होती. काका गेले, काकू इथं मोताळ्यात पोरीजवळ राह्याले आली, अन् तुम्ही पाळीच बंद केली.”

“गावात राह्यत नाही नं ते.”

“वावर तं तिचंच आहे, आबा. हरभरा वाळून राह्यला तिचा.”

बस लागली. दोघंही उठले नाहीत.

“नंबर आहे का सोजराचा?”

“आहे.”

“विचार तिले, पाळीले कोणता वार पायजे. बाजाराचा सोडून सांग म्हणा, त्या दिवशी माही पाळी असते.”