थरात गेलेलं श्रीखंड

विनोदिनी : पोळीवर पोळी, मधे राजमा, वर पुन्हा पोळी. हा स्वयंपाक चाललाय की भिंत बांधून ऱ्हायलीस, मुक्ता?

मुक्ता : भिंतच समजा, आई. फक्त ही चमच्यानं पडते. हे बघा, सकाळच्या पोळ्या टोमॅटोच्या रसात बुडवल्या तर कशा लोण्यासारख्या झाल्यात.

विनोदिनी : टीव्हीवरच्या त्या बाईनं शिळ्या पोळ्या घ्यायला सांगितल्या?

मुक्ता : तिनं मक्याच्या घेतल्या होत्या. मेक्सिकोत मक्याच्याच करतात म्हणे, लहान लहान.

विनोदिनी : मतलब, मक्याची रोटी. ती तर इथं गल्लीगल्लीत भाजतात. त्यासाठी केबल कशाला लावायला पाहिजे होती?

मुक्ता : आणि मधे मधे ती कसलातरी कुरकुरीत मक्याचा चुरा घालते. टावर चौकात सगळ्या दुकानांत विचारलं. शेवटी एकजण म्हणाला, “बहनजी, चीज है, सॉस है, बाकी ये सब तो नहीं आता. आप सेव ले जाओ.”

विनोदिनी : आणि तू घेऊन आलीस.

मुक्ता : मग काय करणार?

विनोदिनी : काही नाही. ह्या गावात पोह्यावर सेव, वरणावर सेव, मेक्सिकोच तेवढं उरलं होतं. पण मी म्हणते, हा सगळा खटाटोप आजच कशाला? आल्या आल्या बँकेची साडीसुद्धा बदलली नाहीस तू. साधा बुधवार आहे. सब्जी-पोळी केली असती, झालं असतं.

मुक्ता : हळू बोला ना. तात्या जागे आहेत खोलीत. आई, आज मला ते टेबलाशी जेवायला हवेत. बाकी हे कसं का होईना.

विनोदिनी : पुन्हा तेच. नाद सोड तू. मी सांगून थकले, शैलेंद्र सांगून थकला.

मुक्ता : एका लाडवापायी माणूस आयुष्यभर खोलीत जेवणार का?

विनोदिनी : लाडू साधा होता का? तुझ्या आईनं नाशिकहून आणलेला. संक्रांतीच्या दिवशी, सगळ्या व्याह्यांसमोर, ह्यांनी ऐटीत दात मारला. लाडू राहिला हातात आणि कवळी लाडवात!

मुक्ता : माझे बाबा आधी हसले. मग आपली मृणाल. मग आपण सगळेच.

विनोदिनी : हे पण हसले.

मुक्ता : वरवर. दुसऱ्या दिवसापासून ताट खोलीत, कवळी वाटीत.

विनोदिनी : आणि मऊच खायचं म्हणशील तर माझी खिचडी काय वाईट होती?

मुक्ता : खिचडी त्यांना आणि पोळी आपल्याला, तिथंच तर गडबड आहे. आपण सगळे टेबलाशी बसून पोळ्या मोडणार, चावणार, काकडी करकर खाणार, आणि त्यांच्या पुढ्यात कालवलेला भात. उष्टावणाच्या बाळाला भरवतात तसा. मी असते तर मीही उठून गेले असते. आज कोणाच्याच ताटात पोळी नाही. सगळ्यांना हेच, आणि सगळ्यांना चमचा.

विनोदिनी : …आणि तरी नाही आले तर?

मुक्ता : तर आपण चौघं भिंत खाऊ.

विनोदिनी : मला तरी कुठं घास जातो गं? इतकी वर्षं ह्यांच्या तक्रारी ऐकत जेवले. मीठ कमी, वरण पातळ, आज काय उपास आहे का. आता कोणी काही बोलत नाही. सगळं बिलकुल अळणी लागतं. आण इकडे ते चीज, किसते मी.

मुक्ता : किसा. आता फक्त वरचा थर राहिला. ती बाई आंबट मलई लावते. आपल्याकडे ती कुठली? मधल्या दोन्ही थरांत मी फ्रिजमधला चक्काच लावलाय, तोच वर लावते.

विनोदिनी : कोणता चक्का?

मुक्ता : स्टीलच्या डब्यातला. अंड्यांच्या कप्प्याखाली होता तो.

विनोदिनी : मुक्ता.

मुक्ता : काय झालं?

विनोदिनी : तो चक्का नाहीये.

मुक्ता : चक्काच आहे. पांढरा, घट्ट…

विनोदिनी : केशर संपलं म्हणून पांढरा! दुपारी अर्धा तास साखर फेटलीय मी त्यात. वेलची घातलीय. ह्यांच्या रात्रीच्या जेवणाचं श्रीखंड आहे ते!

मुक्ता : देवा! राजम्यावर श्रीखंड?

विनोदिनी : बोट लावून चाटून नाही बघितलंस?

मुक्ता : तुम्हीच तर शिकवलंत! लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. ओट्याशी चव घ्यायची नाही, उष्टं होतं, हाताला अंदाज पाहिजे. तेव्हापासून एकदा जिभेला लावलं नाही मी काही.

विनोदिनी : सगळं बाकी विसरतेस, हेच बरं लक्षात राहिलं!

मुक्ता : आई, तुम्ही हसताय?

विनोदिनी : मग काय रडू? राजमा, मिरची, टमाटर, सेव आणि वेलची! तुझ्या त्या टीव्हीवाल्या बाईला कळलं तर टीव्ही बंद करेल ती!

मुक्ता : हसवू नका हो, माझ्या हातून भांडं पडेल. माझी सगळी मेहनत…

(तात्या स्वयंपाकघराच्या दारात. तोंडापुढे रुमाल धरलेला.)

तात्या : माझ्या श्रीखंडाचं नाव ऐकलं मी. काय झालं त्याला?

विनोदिनी : काही नाही. तुम्ही बसा खोलीत, मी दुसरं काही बघते. भात लावते लगेच.

तात्या : भाताचं नंतर. श्रीखंड कुठं आहे?

मुक्ता : ह्यात. तात्या, चूक माझी आहे. चक्का समजून मी तुमचं सगळं जेवण ह्या थरांत लावून टाकलं.

तात्या : रुमाल धरा जरा… नको, असू दे. बघू इकडे. हे खाली काय?

मुक्ता : पोळी. मग राजमा, शिमला मिरची, मक्याचे दाणे, टोमॅटो, मग… ते. मग पुन्हा पोळी.

तात्या : अच्छा. मतलब पॅसेंजरला मालगाडी जोडली आणि मधे एक फर्स्ट क्लासचा डबा.

विनोदिनी : झालं सुरू. रिटायर झाले तरी गार्डच.

मुक्ता : मी वरवरचं खरवडून काढते. खालच्या थरांचं आता काही होणार नाही. टाकून द्यावं लागेल बहुतेक.

तात्या : गाडी अजून प्लॅटफॉर्मवर आहे तर रद्द कशाला करता, सूनबाई? वर चीज घाला, ओव्हनला लावा. पुढचं पुढे.

विनोदिनी : आणि तोपर्यंत तुम्ही?

तात्या : हा स्टूल मोकळा आहे ना? बसतो इथंच. माझं श्रीखंड जळू द्यायचं नाही मला.

मुक्ता : लावते. काचेतून लक्ष ठेवा मग.

तात्या : ठेवतो. मृणाल काय करतेय?

मुक्ता : बाहेर शैलेंद्रबरोबर गणितं. तुमच्याशिवाय तिला पाढे आवडत नाहीत.

तात्या : हं. (थोड्या वेळानं, ओव्हनच्या काचेतून बघत) चीज हललं गं. हललं! कडेनं बुडबुडे येतायत… लाल झालं. काढा, काढा, सिग्नल लाल झाला की थांबायचं असतं.

विनोदिनी : बाजूला व्हा, चटका बसेल. मुक्ता, फडकं घे. वास तर… अगं, वास वाईट नाहीये.

मुक्ता : मला भीती वाटते. कोण खाऊन बघणार?

तात्या : माझं जेवण आहे ते. चमचा दे.

विनोदिनी : अहो, ओट्याशी उष्टं…

तात्या : तुझ्या त्या नियमापायीच तर श्रीखंडाचा अपघात झाला. दे इकडे.

मुक्ता : फुंकून घ्या तात्या. कसं आहे? तात्या? टाकून द्या हवं तर, हे घ्या, वाटीत टाका.

तात्या : थांब जरा. ह्यात सेव आहे?

मुक्ता : आहे. मधल्या थरात. रसात भिजून मऊ पडली असेल.

तात्या : सेव आहे गं ह्यात, ऐकतेस का? मला वाटलं, हिचा आपला संबंध संपला.

विनोदिनी : आणि गोड? गोड फार लागतं का?

तात्या : तिखट आधी चढतं, मग गोड येऊन त्याला समजावतं. तुझ्या माहेरची माणसं वरणातसुद्धा गूळ घालतात, त्यांना तर फार आवडेल. वेलची तेवढी विदाउट तिकीट चढलीय.

विनोदिनी : मिठाचं काय?

तात्या : मीठ कमी आहे.

विनोदिनी : ऐकलंस मुक्ता? मीठ कमी आहे म्हणतात!

मुक्ता : ऐकलं, आई. डोळे पुसा.

विनोदिनी : मिरचीचा धूर लागला. बरं, तुमचं ताट खोलीत आणू?

तात्या : आज बाहेर पोळ्या कोण कोण खाणार आहे?

मुक्ता : कोणीच नाही. केल्याच नाहीत.

तात्या : मृणालला?

मुक्ता : तिलाही हेच. चमच्यानं.

तात्या : काकडी?

मुक्ता : चिरली नाही.

तात्या : मुद्दाम केलंस तू हे सगळं.

मुक्ता : मी आपलं टीव्हीवर बघितलं…

तात्या : गार्ड होतो गं मी. कुठला डबा कुठं जोडला आणि कशासाठी जोडला, एवढं कळतं मला.

मुक्ता : रागावलात?

तात्या : हे भांडं टेबलाच्या मधोमध ठेव. सगळ्यांचा हात पोचला पाहिजे. आणि मला कडेचा तुकडा दे, तिथं सेव जास्त दिसतेय.

मुक्ता : ठेवते. शैलेंद्र, मृणाल, वह्या उचला, आलो आम्ही! तात्या, तुम्ही इकडे बसा.

विनोदिनी : बसा, बसा. सुरू करा तुम्ही. मी पाणी आणते, मीठ आणते, आधी सगळ्यांना वाढते, मग…

तात्या : तू बस आधी. तू उभी असलीस की मला वाटतं, गाडी सुटतेय.