बाबांचा बेस दुरुस्तीला आहे

अहो पण मला ऐकायचाच नव्हता ना! हेच तर मी त्या माणसाला सांगत होतो, एकदा नाही, चार वेळा. आणि तो आपला दर वेळी नवीन गिटार गळ्यात अडकवतोय, बटणं पिळतोय, मान डोलावतोय आणि म्हणतोय, ‘हा ऐकून बघा, साहेब.’ म्हटलं, मला ऐकायचा नाहीये. ‘बरं, मग हा ऐकून बघा.’ आता बेस गिटार घ्यायला आलेला माणूसच ऐकायचा नाही म्हणायला लागला तर त्या बिचाऱ्यानं तरी काय करावं? त्यानं मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

तुम्हाला सांगतो, माझा आणि संगीताचा काडीचा संबंध नाही. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. दिवसभर माणसांना त्या खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढे काचा सरकवायच्या आणि विचारायचं, ‘हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?’ आणि माणसं काय गोंधळतात हो... ‘जरा परत दाखवा... पहिलं... नाही, दुसरं... दोन्ही सारखंच वाटतंय.’ वीस वर्षं मी मनातल्या मनात म्हणत आलो, एवढं साधं कळत नाही? आणि आता मी उभा, समोर चार बेस, पाच अॅम्प, म्हणजे ते आवाज मोठा करणारे खोके, आणि हा दुकानदार, डोक्यावर केसांचा एवढा बुचडा, म्हणजे आपण त्याला बुचडेवालाच म्हणू, मला विचारतोय, ‘पहिला की दुसरा?’ पहिल्याचा टोन म्हणे उबदार आहे. उबदार? आवाज आहे की रजई? दुसरा गोल आहे. तिसरा कोरडा. चौथ्याला म्हणे पोट आहे. मी आपला हो हो करतोय. मला चारही सारखेच, ढूम म्हणजे ढूम. आणि मुळात मला ऐकायचा नव्हता!

बेस वाजवायचे ते आमचे बाबा. एक्केचाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवला. तुम्ही बघितलं असेल त्यांना, म्हणजे नसेलच बघितलं, कारण बेसवाल्याला कोण बघतं? गायिकेच्या मागे, ड्रमच्या बाजूला, जिथं दिवा पोचत नाही तिथं एक माणूस उभा असतो, हलत नाही, हसत नाही, तेच आमचे बाबा. रोज सकाळी दोन तास रियाज. ढूम... ढूम... ढूम... मी अभ्यासाला बसलो की दार लावून घ्यायचो. पुढं अभ्यास संपला, तरी दार लावायची सवय राहिली.

त्या अॅम्पसमोर जन्म काढला, तर व्हायचं तेच झालं, कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग घंटा गेली, मग आम्ही गेलो, शेवटी सगळंच गेलं. डॉक्टर म्हणाले, आता काही राहिलं नाही. त्यात आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ते कॉटवर पडले ते पडलेच. आम्ही वहीत लिहायचं, ते वाचणार, हो-नाही म्हणणार. हळूहळू तेही कमी झालं. जेवण चार घासांवर आलं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘शरीराचं काही नाही. त्यांनी मनानंच सोडलंय.’

आता मधलं एक सांगायचं राहिलं. मी त्यांचा बेस विकला होता. बघा, आता कसे गप्प झालात! अहो, खोली केवढीशी, त्यात कॉट आली, चाकाची खुर्ची आली, त्यात तो बेस आणि तो कपाटाएवढा अॅम्प, बायकोला पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, ऐकू येत नाही, उठता येत नाही, काय करायचाय? आणि हे मी कुठं म्हटलं? त्यांच्या उशाशी उभं राहून म्हटलं! ऐकू येत नाही ना! ते दवाखान्यात तपासणीला गेले होते त्या दिवशी एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि दोन्ही घेऊन गेला. वाजवूनसुद्धा बघितला नाही त्यानं. बाबा घरी आले, कोपऱ्याकडे बघितलं, म्हणाले, ‘बेस?’ मी वही घेतली आणि लिहिलं, ‘दुरुस्तीला दिलाय.’ त्यांनी चष्मा लावला. तो चष्मासुद्धा मीच करून दिलेला... म्हणजे माझं खोटं त्यांना स्वच्छ वाचता यावं, याची सोय पण मीच केलेली. वाचलं. पान फाडलं, घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवलं. परत कधी विचारलं नाही.

बायको म्हणायची, ‘अहो, खरं काय ते लिहून टाका एकदा.’ म्हटलं, लिहितो. पेन हातात घ्यायचो आणि लिहायचो, ‘औषध घेतलं का?’

असे महिने चालले होते. आणि मग एका दुपारी बाबा एकदम बोलले. मी कॉटशेजारी बसलेलो, ते डोळे मिटून म्हणाले, ‘कोण वाजवतंय?’ मी दचकलोच. कोण वाजवणार? घरात मी आणि ते. म्हणाले, ‘जाड तार, तिसरं घर... जरा उतरलंय.’ आणि पांघरुणावर त्यांची बोटं चालायला लागली. मी कान दिला, तर इमारतीची पाण्याची मोटार! तिचा पाइप आमच्या भिंतीतून वर जातो, कॉटची लोखंडी कड त्या भिंतीला टेकलेली, आणि मोटारीचे बोल्ट ढिले झाल्यामुळे सगळा पाइप घुमत होता. सगळी इमारत त्या आवाजानं वैतागलेली आणि आमचे बाबा तिला सुरात घेत होते! त्या दिवशी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. तिसऱ्या दिवशी प्लंबर आला आणि त्यानं बोल्ट घट्ट केले.

मी गेलो हो त्याच्याकडे! म्हटलं, जरा ढिले कर. तो म्हणाला, ‘साहेब, माझ्या आयुष्यात असं कुणी सांगितलं नाही.’ केले नाहीत त्यानं. बाबा परत भिंतीकडे वळले.

म्हणून मी त्या दुकानात गेलो, कळलं? आधी त्या टेम्पोवाल्याला फोन केला, नंबर बंद. मग म्हटलं, नवा घेऊ. पण असा घेऊ की जो ऐकायला नको, अंगाला कळला पाहिजे. हे मी बुचडेवाल्याला कसं सांगणार? मी म्हटलं, ‘पाठीला कुठला चांगला?’ तो म्हणाला, ‘पाठीचा त्रास असेल तर वजनाला हलका घ्या.’ शेवटी मी घरी जाऊन बाबांची जुनी गादी घेऊन आलो. गुंडाळून, खांद्यावर, भर रस्त्यातून. दुकानाच्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर अंथरली आणि कानात कापूस घालून आडवा झालो. म्हटलं, ‘आता वाजवा. एकेक.’ दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. बुचडेवाला खाली वाकून हातवाऱ्यांनी विचारतोय, पहिला की दुसरा? आणि मी गादीवरून... ‘जरा परत... पहिला... नाही, दोन्ही सारखेच वाटतायत.’ वीस वर्षांचं सगळं एका दुपारी फिटलं माझं.

पण पाचवा अॅम्प लावला मात्र, अहाहा... माकडहाडापासून मानेपर्यंत सगळं थरथरलं! पाचशे वॉट, कमरेएवढा उंच. म्हटलं, हा आणि सोबतचा बेस, दोन्ही बांधा. दोन माणसांनी तो जिन्यातून चढवला, वळणावर भिंतीचा रंग खरवडला, बायकोनं कपाळाला हात लावला. कॉटसमोर ठेवला. मी बेस घेतला, सगळी बटणं पुढं नेली आणि जाड तार छेडली.

काय सांगू तुम्हाला... खिडकीच्या काचा वाजल्या. फळीवरचे डबे सरकले. खालच्या मजल्यावरच्या काकू उघड्या दारातून आत आल्या आणि म्हणाल्या, ‘आमचा दिवा हलतोय.’ आणि बाबा? बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. ढिम्म! मी परत छेडली, काकू मटकन खुर्चीत बसल्या, बाबा जागचे हलले नाहीत. बायको दारात उभी होती. म्हणाली, ‘अहो, बास करा. त्यांना नाही कळत आता.’ आणि रडायला लागली. मला तर तेवढंच बाकी होतं.

मी खाली बसलो, कॉटच्या पायाशी. आणि बघतो तर पायांना रबराची टोपणं. चारही पायांना! कुणी बसवली? मीच! कॉट सरकली की काकूंना आवाज जातो म्हणून मीच आणून बसवली होती. आणि ती गादी मी दुकानात फळ्यांवर टाकली होती हो! फळ्या हलल्या, मी हललो. इथं खाली लादी, लादीवर रबर, रबरावर लोखंड, पाचशे काय, पाच हजार वॉट लावले असते तरी वरच्या माणसाला काय कळणार होतं? भिंतीला कड टेकलेली होती म्हणून ती मोटार कळली त्यांना. वीस वर्षं मी काचेचा हजारावा भाग मोजतोय आणि मला चार टोपणं दिसली नाहीत.

अॅम्प परत. परत तोच जिना, परत तीच भिंत. बुचडेवाल्याला सगळं खरं सांगितलं, बाबा, कान, कॉट, सगळं. तो तडक उठला. आत गेला आणि एक अॅम्प घेऊन आला, केवढा? बुटांचे दोन खोके एकावर एक ठेवावेत एवढा. चाळीस वॉट. म्हणाला, ‘याला कुणी विचारत नाही. हा कॉटला बांधा. घट्ट.’ आणि सवयीनं तोंडातून गेलंच त्याच्या, ‘ऐकून... नाही, राहू द्या.’

बांधला. कापडी पट्ट्यांनी, कॉटच्या लोखंडी कडेला, उशाच्या बाजूला. आवाज एवढा बारीक ठेवला की काकूंना पत्ता नाही. जाड तार छेडली.

बाबांनी डोळे उघडले.

मी परत छेडली. ते हळूहळू इकडे वळले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपणहून आमच्याकडे वळले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘उतरलीये.’ मी खुंटी पिळली. ‘गाढवा, उलटी पिळतोयस.’ तुम्हाला सांगतो, गाढवा ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल! बायकोनं पदर डोळ्याला लावला, मी खुंटी सरळ पिळली, ते म्हणाले, ‘अजून... अजून... बास.’ आणि हात पुढं केले. आम्ही उशा लावून त्यांना बसतं केलं, बेस मांडीवर दिला. दंड बघितलेत त्यांचे? काही उरलं नाहीये. पण बोटं चालली हो... अर्धा तास! जेवले. परत मागितलं. संध्याकाळी परत वाजवला. मी पण त्यांच्या पायाशी कॉटवर बसलो होतो, खालून सगळं पाठीत येत होतं. म्हटलं, चला, सुटलो! खोटं काय, खरं काय, घरात बेस आला ना?

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. बेसवरून हात फिरवत म्हणाले, ‘चांगला आहे हा.’ मी मान हलवली. मग उशाशी हात घातला, चष्म्याची डबी काढली, डबीतून ते घडी घातलेलं पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘आपला दुरुस्तीहून आला की हा परत करून टाक. उगीच दोन-दोन कशाला?’

आता ते खरंच वाट बघतायत, की त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे... ते मला विचारू नका. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

परवा परत गेलो दुकानात. म्हटलं, जुना हवाय, वापरलेला, आमच्या बाबांचा होता अगदी तसा, दुरुस्तीहून आला म्हणून सांगता येईल असा. बुचडेवाला म्हणाला, ‘मिळेल की. जुने येत असतात माझ्याकडे. रंग, आकार, सगळं जमवू. फक्त वाजवणाऱ्याला फसवायचं तर आवाज जमला पाहिजे, कान नसले तरी हाताला कळतो तो. तेवढं एक सांगा, कसा होता तुमच्या बाबांचा? उबदार? गोल? कोरडा?’

मी उभा. एक्केचाळीस वर्षं हो, शेजारच्या खोलीत, रोज सकाळी दोन तास.

म्हटलं, ‘मला नाही माहीत. मी कधी ऐकलाच नाही.’