नऊची चिठ्ठी

माझं गाव घनसावंगीपासून दोन कोसांवर. बापाचं किराणा दुकान, तेच मी पुढं चालवलं. शाळा नववीपर्यंत झाली, पण हिशेब पक्का, अन् त्याचाच गर्व होता, काय सांगू तुम्हाला.

तेव्हा चिल्लर मिळतच नव्हती. बाकीचे दुकानदार सुट्ट्याऐवजी गोळ्या द्यायचे, मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या काढल्या, माझ्या सहीच्या, माझ्याच दुकानात चालणाऱ्या. सरकार एक, दोन, पाच काढतं, मी म्हणलं, त्याच्यापेक्षा कमी तुकड्यांत भागलं पाहिजे. म्हणून माझ्या चिठ्ठ्या एक, तीन अन् नऊ रुपयांच्या. दोन द्यायचे तर तीनची द्यायची अन् एकची परत घ्यायची, आठ द्यायचे तर नऊची देऊन एकची परत. देत-घेत तीन चिठ्ठ्यांत तेरापर्यंत सगळं बराबर बसतं, तुम्ही करून बघा. शाळेच्या मास्तरांनी मान हलवली, मंग तर मी फुगलोच.

चंद्रभागामावशी कापूस वेचायला जायची. तिला दोनचं मीठ पाहिजे होतं अन् हातात तीनची चिठ्ठी. मी भरल्या दुकानात विचारलं, मावशी, तीनातून दोन गेले तर मी तुला किती द्यायचे? सगळे हसले, मीही हसलो. ती म्हणली, राहू दे, बिस्किटाचा पुडा दे. पुडा बराबर तीनचा होता. पुढं ती तीनचं न्हाईतर नऊचंच काहीबाही न्यायची. मला वाटलं, चिठ्ठ्यांनी खप वाढला.

एकदा ती तापानं पडली म्हणून साबुदाणा घेऊन गेल्तो. फळीवर बिस्किटाचे पुडे रचलेले, एकही फोडलेला न्हाई. चुलीवरचं वरण वाटीत घेऊन चाखलं तर बिलकुल अळणी. म्हणलं, मावशी, मीठ कुठंय? ती माझ्याकडं न बघता म्हणली, भाऊ, पाच म्हंजी एक पंजा, दहा म्हंजी दोन, तुझं नऊ कोणत्या हाताचं हाय? चारचौघांत पुन्हा विचारायची लाज वाटली रे.

मी म्हणलं, पुडे परत घेतो. ती म्हणली, असू दे, पोरांना वाटीन. ते जास्त लागलं मला. गावातल्या सगळ्या चिठ्ठ्या पैसे देऊन परत घेतल्या अन् चुलीत घातल्या.

मावशी गेली त्याला आता लई वर्षं झाली. तिच्या दारावरून जाताना अजून मान खाली जाते. चिल्लर आता मिळते, गल्ल्यावर पोरगा बसतो, तो म्हणतो, आबा, जल्दी करा. मी मात्र म्हाताऱ्या माणसाचे सुट्टे त्याच्याच तळहातावर मोजतो. एक पंजा झाला की थांबतो, समोरच्याची मान हलली की मंगच पुढं.